मागून बसणारा पिकअप: एका फिरत्या दुरुस्ती-वाहनाच्या मागच्या सस्पेन्शनचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

या प्रकरणातील वाहनमालक पाण्याचे पंप आणि हवेचे कॉम्प्रेसर ग्राहकाच्या जागेवर जाऊन दुरुस्त करतो. त्यासाठी त्याने एकेरी केबिनचा एक पिकअप घेतला होता आणि हौद्यात लोखंडी कपाटे, कामाचे टेबल, पकड आणि एक डिझेल जनरेटर कायमचे बोल्टने बसवून घेतले होते. याशिवाय पाइप, मोटारी, तेलाचे डबे आणि दुरुस्तीसाठी आणलेली यंत्रे असे रोज बदलणारे वजन असे. थोडक्यात, हे वाहन एकदा सजवल्यानंतर पुन्हा कधीच रिकामे धावले नाही. ही बाब सुरुवातीला कोणालाच महत्त्वाची वाटली नाही, पण पुढचे सगळे निर्णय शेवटी तिच्याभोवतीच फिरले.

वाहनाच्या पाटीवर उत्पादकाने दिलेल्या मर्यादा अशा होत्या: एकूण वजन २९५० किलो, पुढचा ॲक्सल १३५० किलो आणि मागचा ॲक्सल १८५० किलो. पुढच्या आणि मागच्या चाकांमधील अंतर ३००० मिमी. मागे दोन्ही बाजूंना पाट्यांचा, म्हणजे एकावर एक रचलेल्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्यांचा (लीफ स्प्रिंग) संच होता. त्यात वर वाकदार चार पाटे आणि खाली एक जाड, जवळजवळ सरळ हेल्पर पाटा होता. भार वाढून वरचे पाटे पुरेसे दबले की त्या हेल्परवर टेकतात आणि तिथून पुढे संच एकदम ताठ होतो. मागच्या ब्रेकच्या मार्गात भारानुसार दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह होता. त्याची दांडी एका टोकाला ॲक्सलला आणि दुसऱ्या टोकाला चॅसीला जोडलेली असते.

साधारण वर्षभरापूर्वी मालकाने एका गॅरेजमध्ये दोन्ही बाजूंना एकेक जादा पाटा भरून घेतला होता. काही महिने मागची बाजू उचललेली राहिली, नंतर ती पुन्हा पहिल्यासारखी बसली. हा उपाय का टिकला नाही, हे तेव्हा कोणी तपासले नाही.

समस्या

मालकाच्या तक्रारी चार होत्या. खड्ड्यातून जाताना मागे जोराचा ठोका बसे. वेग वाढला की स्टिअरिंग हलके वाटे. रात्री समोरचे चालक सारखे डिपरचा इशारा देत, म्हणजे त्यांच्या डोळ्यांवर प्रकाश जात होता. शिवाय वाहन उभे असताना किंचित डावीकडे कललेले दिसे. त्याची मागणी मात्र एकच होती: मागची बाजू वर आली पाहिजे.

ही मागणी स्वाभाविक असली तरी तिच्यात एक गृहीतक दडलेले असते. मागची बाजू बसली म्हणजे पाटे कमजोर आहेत, असे मानून पाहणारा थेट पाट्यांकडे वळतो. प्रत्यक्षात मागची बाजू बसण्याची तीन वेगवेगळी कारणे असू शकतात: ॲक्सलवर खरोखरच जास्त वजन आले आहे, पाटे जुने होऊन त्यांचा वाक कायमचा उतरला आहे, किंवा पाटे ठीक आहेत पण या कामासाठी मुळातच मऊ आहेत. तिन्हींत वाहन बाहेरून अगदी सारखेच दिसते आणि तिन्हींवरचे उपाय मात्र वेगळे असतात. या वाहनात तिन्ही कारणे कमी-अधिक प्रमाणात एकत्र होती, असे पुढे निष्पन्न झाले.

मोजमाप: पहिला निर्णय

हाताळणाऱ्या मेकॅनिकने कोणताही भाग मागवण्याआधी वाहन नेहमीच्या सामानासह आणि चालकासह वजनकाट्यावर नेले. तिथे आधी फक्त पुढची चाके, मग संपूर्ण वाहन आणि शेवटी फक्त मागची चाके काट्यावर घेतली. असे तीनदा वजन केल्याने पुढच्या आणि मागच्या आकड्यांची बेरीज एकूण वजनाशी जुळते का, हे लगेच कळते. काट्याची जागा आणि तिच्या अलीकडची-पलीकडची जमीन एका पातळीत असणे मात्र आवश्यक असते. नाहीतर ॲक्सलनिहाय आकडे फसवे येतात.

आकडे असे आले: पुढे ९३० किलो, मागे १९१० किलो, एकूण २८४० किलो. हौद्यात काहीही नसताना, सजावटीपूर्वी चालकासह केलेल्या वजनाची जुनी पावती मालकाकडे होती. तीत पुढे १०००, मागे ७५० आणि एकूण १७५० किलो अशी नोंद होती.

या दोन ओळी शेजारी ठेवल्या की बरेच काही उलगडते. वाहनात १०९० किलो भार चढला होता आणि एकूण वजन मर्यादेच्या ११० किलो आत होते. मालकाला फक्त एवढेच ठाऊक होते आणि म्हणून तो निश्चिंत होता. पण मागचा ॲक्सल त्याच्या मर्यादेपेक्षा ६० किलोने जास्त भरला होता. टायरवरील भारांक १०६ होता, म्हणजे प्रत्येक टायरला कमाल ९५० किलो आणि दोन्ही मागच्या टायरांना मिळून १९०० किलो. तीही मर्यादा ओलांडली गेली होती. उलट पुढच्या ॲक्सलवर रिकाम्या वाहनापेक्षाही ७० किलो कमी वजन होते. १०९० किलो सामान चढवल्यावर पुढचा भार घटतो, याचा अर्थ त्या सामानाचा गुरुत्वमध्य मागच्या ॲक्सलच्याही मागे आहे. हिशेबाने तो सुमारे १९० मिमी मागे येत होता. ॲक्सलच्या मागे ठेवलेले वजन कावडीसारखे काम करते: टेकू मागच्या चाकांवर असतो, एक टोक खाली जाते आणि दुसरे उचलले जाते.

इथे एक गल्लत फार सर्रास होते. वाहनाचे नाक वर गेलेले दिसले की पुढची चाके हलकी झाली आणि मागची बाजू उचलली की ती पुन्हा जड होतील, असे समजले जाते. नाक वर जाते ते मुख्यतः मागचे पाटे दबल्यामुळे. पुढची चाके हलकी होतात ती सामान कुठे ठेवले आहे यामुळे. पहिली गोष्ट पाट्यांनी सुधारते, दुसरी सुधारत नाही. या वाहनाला नुसते ताठ पाटे बसवले असते तर ते उभे असताना छान सरळ दिसले असते, पण मागच्या ॲक्सलवर १९१० आणि पुढच्यावर ९३० किलो जसेच्या तसे राहिले असते, आणि जास्त भाराची खूण दाखवणारी एकमेव गोष्टही नाहीशी झाली असती.

वजनानंतर उंची मोजली. चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर घेतले, कारण जमिनीपासून मोजल्यास टायरमधील हवा आणि झीज यांचा फरक आकड्यात मिसळतो. जुन्या पावतीच्या वेळी मागची उंची ५२० मिमी नोंदवलेली होती. आता भारासह सरासरी ४०५ मिमी होती. बंप स्टॉप, म्हणजे ॲक्सल चॅसीवर आदळू नये म्हणून लावलेला रबरी ठोकळा, ॲक्सलपासून फक्त १२ मिमी दूर होता. रस्त्यावरच्या साध्या उंचवट्यालाही ॲक्सल त्याहून जास्त हलतो, म्हणून प्रत्येक खड्ड्यात ठोका बसत होता. पुढची उंची ४८० वरून ४८९ मिमी झाली होती.

मागे ११५ मिमी खाली आणि पुढे ९ मिमी वर, म्हणजे ३००० मिमी लांबीत १२४ मिमी फरक झाला. हा कल ४ टक्क्यांहून थोडा जास्त आहे. हेडलाइटचा झोत सामान्यपणे १० मीटर अंतरावर सुमारे १० सेंटीमीटर खाली झुकेल असा लावतात. या कलामुळे तोच झोत त्या अंतरावर ४१ सेंटीमीटर उचलला गेला, म्हणजे दिव्याच्या पातळीच्या जवळजवळ ३० सेंटीमीटर वर पोहोचला. समोरच्या चालकांच्या तक्रारीला यापेक्षा वेगळे स्पष्टीकरण शोधण्याची गरज उरली नाही.

शेवटी त्याच मॉडेलच्या, कमी चाललेल्या एका रिकाम्या वाहनाची मागची उंची मोजली. ती ५४५ मिमी आली. म्हणजे या वाहनाचे पाटे सजावटीपूर्वीच २५ मिमी उतरलेले होते. संच उघडल्यावर भरलेला जादा पाटा बाकीच्यांपेक्षा जाड असल्याचे आणि त्याचा वाक इतरांशी जुळत नसल्याचे दिसले. पाट्यांच्या टोकांना घासल्याच्या चकचकीत खुणा होत्या, शॅकलचे (पाट्याचे मागचे टोक चॅसीला जोडणाऱ्या झुलत्या कडीचे) रबरी बुश फाटले होते आणि एक शॉक ॲब्सॉर्बर तेलाने ओला होता. डावीकडचा कल पाट्यांमुळे आलेला नव्हता. अवजारांची सर्वांत जड कपाटे डावीकडे होती, एवढेच त्याचे कारण होते.

विचारात घेतलेले पर्याय

मालकाचा कल सुरुवातीपासून हवेच्या पिशव्यांकडे होता. त्या ॲक्सल आणि चॅसी यांच्यामध्ये बसतात, हवा भरून उंची हवी तेवढी ठेवता येते आणि भार उतरला की हवा कमी करता येते. ज्याचा भार रोज मोठ्या फरकाने बदलतो त्याच्यासाठी हा गुण खरोखर मोलाचा आहे. पण पाट्यांचा संच आपला भार चॅसीवर दोन ठिकाणी, पुढच्या टेकूवर आणि मागच्या शॅकलवर, वाटून देतो. पिशवी मात्र तोच भार ॲक्सलच्या बरोबर वर एकाच जागी देते. चॅसीच्या मागच्या टोकाला जड सामान असेल किंवा ट्रेलर जोडला असेल तर चॅसी त्या जागेवरून वाकण्याचा धोका वाढतो. या वाहनाचे वजन नेमके मागच्या टोकाला होते. शिवाय दोन्ही पिशव्या एकाच नळीने जोडल्या तर वळणावर बाहेरच्या बाजूची हवा आतल्या बाजूला ढकलली जाते आणि वाहन आणखी कलते. म्हणून प्रत्येक बाजूची हवा स्वतंत्र ठेवावी लागते. उतरलेल्या पाट्यांचे काम पिशव्यांवर टाकले की हवा गळाली त्या दिवशी वाहन पूर्वीपेक्षाही खाली बसते, हाही विचार झाला.

दुसरा पर्याय आणखी एक पाटा भरण्याचा होता. तो स्वस्त आणि परिचित आहे, म्हणूनच तो बहुधा पहिला सुचवला जातो. पाट्याचा ताठपणा त्याच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ८ मिमीऐवजी १० मिमीचा पाटा जवळजवळ दुप्पट ताठ असतो. पण एकाच संचात सगळे पाटे सारखेच वाकतात, आणि सारख्या वाकाला जाड पाट्यावरचा ताण जास्त असतो. शिवाय थकलेल्या संचात नवा ताठ पाटा घातला की भाराचा मोठा वाटा तोच उचलतो, आणि त्याचा वाक इतरांशी जुळत नसेल तर मधे फट राहून टोकांवर घासणे वाढते. वर्षापूर्वीच्या उपायाचे हेच झाले होते. माझ्या मते जादा पाटा भरणे हा चांगल्या अवस्थेतील संचासाठी, तेही जुळत्या जाडीचा आणि वाकाचा पाटा मिळत असेल तेव्हाच योग्य उपाय आहे. उतरलेल्या संचावर तो वेळ काढण्यापलीकडे जात नाही.

जुने पाटे पुन्हा वाकवून घेण्याची सूचनाही आली. थंड अवस्थेत ठोकून वाढवलेला वाक भाराखाली लवकर उतरतो, आणि गॅसच्या ज्योतीने तापवून वाकवल्यास पोलादाला दिलेले पाणीच निघून जाते. नीट उष्णता-प्रक्रिया करून पुन्हा घडवलेले पाटे टिकतात, पण ती सोय हाताशी नव्हती. हा पर्याय लगेच बाजूला पडला.

बंप स्टॉपच्या जागी बसणारे पोकळ रबरी हेल्पर हा चौथा पर्याय होता. त्यांना हवेची देखभाल लागत नाही आणि ते दबतील तसे हळूहळू ताठ होतात. पण चॅसीवर त्यांचा भारही एकाच जागी येतो, आणि कायम ६०० किलो वाहणाऱ्या वाहनात ते सतत टेकलेले राहिले असते. अधूनमधून जास्त भार येणाऱ्या वाहनाला ते जास्त शोभतात.

पाचवा पर्याय होता कायम भारासाठी बनवलेला नवा पूर्ण संच. अशा संचांवर हजार किलो वगैरे कमाल आकडा नसतो. ३०० किलो किंवा ५०० किलो कायम भार, असे वर्ग असतात. नेहमीचा आक्षेप असा की ताठ संचामुळे रिकामे वाहन उसळते. तो खरा आहे: भार तोच ठेवून ताठपणा दीडपट केला तर मागच्या बाजूची नैसर्गिक कंपनसंख्या सुमारे २२ टक्क्यांनी वाढते आणि तो फरक पाठीला जाणवतो. पण हे वाहन रिकामे धावतच नव्हते. जो आक्षेप दुसऱ्या वाहनात निर्णायक ठरला असता तो इथे गैरलागू होता.

आणि एक पर्याय कोणी नावाने घेतला नाही तरी तो टेबलावर होता: सामान कमी करणे किंवा हलवणे.

केलेली कृती

मेकॅनिकने आधी सामान हलवण्याचा आग्रह धरला आणि मालकाला ते पटवून देण्यात बराच वेळ गेला. जनरेटर फाळक्याजवळ ठेवण्यामागे कारण होते: तो तिथून चालू करणे सोपे जाई आणि धूर केबिनपासून दूर राही. अखेर २५० किलोचा जनरेटर १२०० मिमी पुढे, केबिनच्या पाठीमागच्या जागेत नेला, त्याची धुराची नळी बाजूने बाहेर काढली आणि चालू करण्याची कळ वायरने फाळक्यापर्यंत आणली. या एका हलवणीने मागच्या ॲक्सलवरून पुढच्यावर १०० किलो जातात, हे वजन गुणिले अंतर भागिले चाकांमधील अंतर या साध्या हिशेबाने आधीच काढले होते. फाळक्याजवळ साठलेले जुने सुटे भाग, सुमारे ६० किलो, कायमचे उतरवले. डावीकडच्या कपाटातील सर्वांत जड अवजारे उजवीकडे आली.

मग पुन्हा वजन केले. पुढे १०४० किलो, मागे १७४० किलो, एकूण २७८० किलो. पाट्यांना अजून हात लावलेला नव्हता, तरी मागचा ॲक्सल मर्यादेच्या ११० किलो आत आला होता, टायर त्यांच्या मर्यादेत आले होते आणि पुढचा भार रिकाम्या वाहनापेक्षा जास्त झाला होता. बंप स्टॉपचे अंतर १२ वरून २२ मिमी झाले. मालकाने सांगितले की स्टिअरिंगचा हलकेपणा इथेच गेला.

उंचीचा प्रश्न मात्र उरला होता आणि तो आता खऱ्या अर्थाने पाट्यांचा होता. संच निवडताना एकूण १०३० किलो भाराकडे न पाहता कायम भाराकडे पाहिले. कपाटे आणि जनरेटर मिळून ६०० किलो होते आणि त्यांचा गुरुत्वमध्य आता मागच्या ॲक्सलच्या सुमारे ४०० मिमी पुढे होता, म्हणजे त्यातील ५२० किलो मागच्या ॲक्सलवर येत होते. म्हणून ५०० किलो कायम भाराच्या वर्गातील संच घेतला. त्याहून वरचा, जास्त उचलणारा संच उपलब्ध होता आणि मालकाला तो हवा होता, कारण त्याने वाहन अधिक उठून दिसले असते. पण नेहमीची उंची कारखान्याच्या रिकाम्या उंचीपेक्षा वर गेली की प्रोपेलर शाफ्टच्या, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या ॲक्सलपर्यंत नेणाऱ्या फिरत्या दांड्याच्या, सांध्यांचे कोन बदलतात, निघताना थरथर येऊ शकते आणि मग पाचरी किंवा मधल्या बेअरिंगखाली पट्ट्या लावत बसावे लागते. उंची परत मिळवायची होती, वाढवायची नव्हती. या ठिकाणी हात आखडता घेतला हे योग्य झाले.

जोडणीतील काही गोष्टी नोंदण्यासारख्या आहेत. पाट्यांचा संच ॲक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट नवे वापरले, कारण एकदा ताणून बसवलेले यू-बोल्ट पुन्हा तसाच आवळ धरतील याची खात्री नसते, आणि आवळ कमी झाला तर पाटे सेंटर बोल्टपाशी (सगळे पाटे मधोमध एकत्र धरणाऱ्या बोल्टपाशी) हलू लागतात आणि तिथेच तुटतात. ते तिरप्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने घट्ट केले. पाट्यांच्या टोकांचे आणि शॅकलचे बोल्ट मात्र वाहन चाकांवर टेकवून, कायम भारासहच्या उंचीवरच शेवटचे आवळले. चाके अधांतरी असताना ते आवळले तर रबरी बुश त्याच स्थितीत अडकतात आणि वाहन खाली आल्यावर कायम पिळलेले राहून लवकर फाटतात. दोन्ही शॉक ॲब्सॉर्बर बदलले. शॉक ॲब्सॉर्बर भार उचलत नाही. दबलेल्या पाट्याची उसळी जिरवणे हे त्याचे काम, आणि पाटा जितका ताठ तितकी उसळी जिरवायला जास्त ताकद लागते. म्हणून परतीच्या दिशेने अधिक घट्ट असलेले, आणि ॲक्सल पूर्ण लोंबकळला तरी पुरेशी लांबी असलेले घेतले. काहीशे किलोमीटर चालल्यावर यू-बोल्ट पुन्हा तपासले तेव्हा ते थोडे सैल झालेलेच होते. नव्या संचात पाटे एकमेकांवर बसत जातात, त्यामुळे हे अपेक्षित असते.

निसटलेली बाब: ब्रेकचा व्हॉल्व्ह

संच बसल्यानंतर काही दिवसांनी मालकाने सांगितले की ब्रेक दाबल्यावर नाक पूर्वीपेक्षा जास्त खाली जाते आणि पूर्ण भारात वाहन थांबायला जास्त अंतर घेते. त्याला वाटले, नवे पाटे मागून ढकलतात.

कारण व्हॉल्व्हमध्ये होते. भारानुसार दाब बदलणाऱ्या या व्हॉल्व्हला वजन कळत नाही, त्याला फक्त ॲक्सल आणि चॅसीमधील अंतर कळते. ते कमी झाले की वाहन भरलेले आहे असे धरून तो मागच्या ब्रेकना जास्त दाब जाऊ देतो. अंतर जास्त असेल तर वाहन हलके मानून दाब रोखतो, म्हणजे मागची चाके लॉक होऊन वाहन फिरू नये. नव्या पाट्यांमुळे पूर्ण भारातही अंतर जास्त राहू लागले. परिणामी २७८० किलोचे वाहन व्हॉल्व्हच्या दृष्टीने हलके झाले आणि मागच्या ब्रेकचा वाटा पुढच्यांवर पडला.

यावर एक देशी इलाज प्रचलित आहे: दांडी तारेने वर बांधून टाकायची, म्हणजे मागे कायम पूर्ण दाब मिळतो. हा इलाज नाकारला गेला, आणि तो कुठेही करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. ओल्या रस्त्यावर कमी भार असताना जोरात ब्रेक दाबला की अशा वाहनाची मागची चाके आधी लॉक होतात आणि मागची बाजू आडवी येते. त्याऐवजी उत्पादकाच्या पद्धतीप्रमाणे पुढच्या आणि मागच्या ब्रेकच्या मार्गांवर दाबमापक लावून दांडीची जागा नव्या उंचीला जुळवली. ज्या वाहनांत हे वाटप इलेक्ट्रॉनिक प्रणाली करते त्यांत अशी दांडी नसते. पण जिथे आहे तिथे पाटे बदलणे आणि व्हॉल्व्ह जुळवणे हे एकच काम समजायला हवे. इथे मधले काही दिवस वाहन कमी ब्रेकवर चालले. या प्रकरणातील सर्वांत गंभीर त्रुटी हीच होती आणि कामाच्या यादीत एक ओळ जास्त असती तर ती टळली असती.

परिणाम

फक्त कायम भार असताना मागची उंची ५०० मिमी आणि नेहमीच्या पूर्ण भारात ४६० मिमी आली. बंप स्टॉपचे अंतर पूर्ण भारात ६७ मिमी राहिले आणि ठोके थांबले. प्रोपेलर शाफ्टची थरथर आली नाही. हेडलाइट कायम भारावर पुन्हा लावून घेतले. पूर्ण भारात झोत अजूनही सुमारे दीड टक्का वर जातो, पण तो केबिनमधील उंची-नियंत्रणाच्या चक्राने खाली घेता येतो. हे चक्र वाहनात पहिल्यापासून होते आणि मालकाने ते कधी वापरले नव्हते. टायरमधील हवा, थंड असताना, पूर्ण भारासाठी दिलेल्या आकड्यावर ठेवली जाऊ लागली.

तोटेही झाले. बदलता भार उतरवल्यावर मागची बाजू लहान, सलग उंचवट्यांवर पूर्वीपेक्षा कडक वाटते. जनरेटर पुढे गेल्यामुळे त्याच्या देखभालीसाठी हौद्यात चढावे लागते, आणि याबद्दल मालक आजही कुरकुरतो.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठी संधी वाहन सजवण्याच्या वेळीच गेली होती. कपाटे बोल्टने बसवण्यापूर्वी प्रत्येक जड वस्तूचे वजन आणि मागच्या ॲक्सलपासूनचे अंतर कागदावर लिहिले असते तर जनरेटर पहिल्याच दिवशी पुढे गेला असता. कपाटे लोखंडाऐवजी ॲल्युमिनियमची केली असती तर कायम भार लक्षणीय घटला असता आणि कदाचित खालच्या वर्गाचा, मऊ संच पुरला असता. या पर्यायावर चर्चा झाली, पण बसवलेली कपाटे काढायला मालक तयार नव्हता.

वर्षापूर्वी जादा पाटा भरताना ॲक्सलचे वजन केले गेले असते तर तो खर्चही वाचला असता. पहिल्या वजनानंतर सामान हलवून काही आठवडे वाहन तसेच चालवून पाहणे, आणि मग पाट्यांचा निर्णय घेणे, हाही एक मार्ग होता. शॅकलचे बुश आणि शॉक ॲब्सॉर्बर बदलायचेच होते. उतरलेल्या पाट्यांसह २२ मिमी अंतर पुरले नसते असे मला वाटते, पण ते सिद्ध करण्याची संधी घेतली गेली नाही. पिशव्यांबाबतचा निर्णय मात्र परिस्थितीवर अवलंबून आहे. हेच वाहन रोज सकाळी भरून संध्याकाळी रिकामे परतणारे असते, सामान ॲक्सलच्या पुढे असते आणि मूळ पाटे चांगले असते, तर स्वतंत्र नळ्यांच्या पिशव्या हा अधिक योग्य उपाय ठरला असता.

पाट्यांनी वाहनाची मर्यादा वाढत नाही, हे मालकाला पटायला वेळ लागला. ॲक्सलची नळी, बेअरिंग, चाके, टायर आणि ब्रेक तेच राहतात. पाटीवरचे १८५० किलो तेच राहतात. याची कसोटी लवकरच लागली. मोठा कॉम्प्रेसर ओढून नेण्यासाठी छोटा ट्रेलर जोडायचा विचार पुढे आला. जोडणीचा गोळा मागच्या ॲक्सलच्या १२०० मिमी मागे आहे, त्यामुळे त्यावर ट्रेलरचे ६० किलो टेकले तर मागच्या ॲक्सलवर ८४ किलो वाढतात आणि पुढच्यावरून २४ किलो कमी होतात. मागचा आकडा १८२४ होतो, म्हणजे मर्यादेत फक्त २६ किलो शिल्लक राहतात. या वेळी हिशेब मालकानेच मांडला, आणि ट्रेलर जोडायच्या दिवशी फाळक्याजवळचे पाइप हौद्यात न ठेवता ट्रेलरवर, त्याच्या ॲक्सलच्या बरोबर वर ठेवायचे असे ठरले.